लाल दोऱ्याची टोपली

आमच्या घरात देवावर विश्वास होता. बाकी सगळ्यांची चौकशी व्हायची. अमरावतीच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांची वकिलीची बैठक. सकाळी आठपासून तिथे पक्षकार येऊन बसत, खोकत, आणि आत स्वयंपाकघरात आईला नुसत्या खोकण्यावरून किती कप चहा टाकायचा ते कळत असे. बाबा दिवाणी वकील. शेताचे धुरे-बांध आणि मृत्युपत्रांवरच्या सह्या तपासण्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ती आधी उलटी करून पाहायची अशी त्यांच्या हाताला सवयच लागली होती. दूध आलं की त्यात बोट बुडवून नखावर थेंब धरत. तूप गरम तव्यावर टाकून वास घेत. वांगी आणली तर आईनं ती चिरायच्या आधी ते देठापाशी भोक आहे का ते उजेडात धरून बघत. लग्नाच्या पंगतीत पहिला वरणाचा घास जिभेवर ठेवून ते वाढप्याकडे अशा नजरेनं पाहत, की तो बिचारा पुढच्या पानावर न वाढताच निघून जाई. बाहेरचं खाणं म्हणजे चौकशी न झालेलं खाणं, म्हणून ते बंद. मांस-मासळीचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा रजेवर जायचा. हे सगळं मी आज थट्टेनं लिहितो आहे खरा, पण आता गोळ्यांची पट्टी हातात आली की मीही ती उलटी करून तारीख दोनदा वाचतो, आणि माझी सून तोंड फिरवून हसते.

अशा घरातून मी तेविसाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून सिडनीला शिकायला गेलो. बाबांना त्या शिष्यवृत्तीचाही संशय होताच. एवढ्या लांबच्या माणसांना आपल्या पोराला शिकवण्यात काय मिळतं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पण मी तिथून पत्रं धाडू लागलो आणि त्यांच्यात एक फरक पडला. परदेशातून आलेलं निळं पत्र ते घरात वाचत नसत. बैठकीत सगळे पक्षकार जमले की ते खंडारे मुन्शींच्या हाती देत, आणि मुन्शी ते दावा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचत. आई आतल्या दाराशी उभी राहून ऐके. हे मला आईच्या पत्रातून कळलं, आणि कळल्यावर माझं लिखाण बिघडलं. तोवर मी घरच्यांना लिहीत होतो, नंतर बैठकीला लिहू लागलो. वाक्यं लांब झाली. विनोद पेरू लागलो. कुठल्या ओळीला पक्षकार हसले ते आई कळवायची, आणि पुढच्या पत्रात मी त्या जातीच्या दोन ओळी जास्त घालायचो. बाबांच्या सगळ्या संशयात एवढा एकच बडेजाव मला दिसला, आणि तो मीच खतपाणी घालून वाढवला.

सिडनीत माझ्या खोलीत सलीम राहायचा. तो अकोल्याचा. वडिलांचा गाद्या-रजया भरायचा कारखाना, थोरला भाऊ त्यातच, आणि हा घरातला पहिला शिकणारा. आमची ओळख झाली ती तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या एका स्वागत समारंभात. व्यासपीठावर कोणी गृहस्थ आपण सारे संस्कृतीचे दूत आहोत असं अर्धा तास सांगत होते, आणि माझ्या मागून आवाज आला, "काहून बे, हा दूत चहा देईन का नुसताच बोलून राहीन?" मी वळून पाहिलं. त्या देशात त्या भाषेत बोलणारी आम्ही दोनच माणसं होतो, त्यामुळे एकमेकांना पसंत करण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली. खाली दिवसभर यंत्रं घरघरायची आणि जमीन पायाखाली किंचित हलत असायची. एकच शेगडी. मला मांस चालत नव्हतं, अंडं तेवढं तिथे आल्यावर चालू लागलं होतं; त्याला हलाल नसलेलं चालत नव्हतं आणि हलालचं दुकान दोन गाड्या बदलून जावं लागे इतकं दूर. म्हणून तिच्यावर सहा दिवस वरण, बटाटे आणि भात शिजे. मला तो "वकील" म्हणायचा, कारण भाजीचा डबा घेतला तरी मी त्यावरचं बारीक अक्षर वाचत उभा राहायचो. अमरावती-अकोला हे अंतर गाडीनं दोन तासांचं, पण तिथे राहिलो असतो तर आम्ही एका भांड्यातलं जेवलो नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

सहा दिवस म्हटलं, कारण सातव्या दिवशी सलीम जेवायला नसे. रविवारी सकाळी दहाला जायचा, दुपार कलल्यावर यायचा. विचारलं तर काम होतं म्हणायचा. अंगाला आल्याचा आणि कसल्याशा आंबट पदार्थाचा वास, मनगटांवर पिठाचे डाग, आणि चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान. बाबांचा मुलगा असल्यामुळे मी चार रविवार पुरावा गोळा केला आणि पाचव्या रविवारी त्याच्या मागे गेलो. स्टेशनामागच्या गल्लीत तो एका लहानशा दुकानात शिरला. पाटीवर फक्त चिनी अक्षरं होती. काचेवर आतून वाफ धरलेली आणि एका कोपऱ्यात पदार्थांची नावं लिहिलेला कागद चिकटवलेला. त्यात मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की हे शांघायचं दुकान आहे, आणि खाली दहा पदार्थ. दहापैकी आठांत डुक्कर. मी बराच वेळ समोरच्या बाजूला उभा राहिलो. शेवटी काचेवरची वाफ एके ठिकाणी ओघळली आणि मला सलीम दिसला. पुढ्यात बांबूची वाफाळती टोपली. तो त्यातलं पांढरं, चुण्या घातलेलं एकेक डंपलिंग काड्यांनी उचलून, काळ्या व्हिनेगरात बुडवून, डोळे मिटून खात होता.

आज अमरावतीत चौकाचौकात मोमोची गाडी उभी आहे, आणि एका हॉटेलच्या पाटीवर 'अस्सल' हा शब्द पदार्थाच्या नावापेक्षा मोठा लिहिला आहे. जिथे अस्सल असं लिहिलेलं असतं तिथे मी जात नाही. त्या दुकानाच्या काचेवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तेव्हा मला तेच संशयास्पद वाटलं.

त्याच संध्याकाळी मी घरी पत्र लिहिलं. सलीमचं नाव घातलं नाही. तेवढी सभ्यता मी पाळली असं मला वाटलं. मी लिहिलं की 'अकोल्याच्या एका गादीवाल्याचे चिरंजीव दर रविवारी येथील चिन्यांच्या दुकानी जाऊन अशा प्राण्याचा समाचार घेतात, की ज्याचे नाव त्यांच्या घरी कोणी जिभेवरही आणणार नाही.' या वाक्यावर मी खूश होतो. 'समाचार' या शब्दावर तर फारच. ऑस्ट्रेलियात अकोल्याच्या गादीवाल्याचे मुलगे किती असतील, हा हिशेब चौथीतल्या मुलानंही केला असता. मी केला नाही. मुन्शींनी ते खणखणीत वाचलं. पक्षकार हसले असंही आईनं कळवलं. त्या दिवशी बैठकीत अकोल्याचा एक सरकीचा व्यापारी कोर्टाच्या तारखेसाठी आला होता, हे तिनं कळवलं नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काही आहे असं तिला वाटण्याचं कारण नव्हतं.

तीन आठवड्यांनी सलीमला त्याच्या भावाचं पत्र आलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. रात्री भात शिजत असताना सांगितलं की त्याच्या अब्बांना कोणीतरी काहीतरी सांगितलं आहे. त्यांनी कारखान्यात जाणं सोडलं आहे. मोहल्ल्यातले लोक येऊन विचारतात म्हणून ते आता पुढच्या ओट्यावरही बसत नाहीत. हुकूम असा की परीक्षाबिरीक्षा काही नको, दिवाळीच्या आधी गाद्यांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आत अकोल्याला ये आणि गादीवर बस. परीक्षा दिवाळीनंतर होती. तीन वर्षांतले शेवटचे तीन महिने उरले होते. अब्बांचा शब्द मोडायची आमच्या घरी पद्धत नाही, एवढं म्हणून त्यानं भात उतरवला. मग म्हणाला, "तू चांगलं लिहितं. मले एक पत्र लिहून दे."

कबुली द्यायच्या जागी मी काय केलं ते लिहितो, कारण ते जास्त लाजिरवाणं आहे. मी उलटतपासणी सुरू केली. खरंच खातो की नाही ते आधी सांग, म्हटलं. खोटं असेल तर लिहीन. तो म्हणाला की रविवारी ये माझ्यासोबत.

आत सहा टेबलं होती, आणि तीही एकमेकांना चिकटून. मागच्या बाजूला भट्टीवर टोपल्यांची चळत आणि तिच्यातून सुटणारी वाफ; दारालगतच्या ओट्यावर एक म्हातारा कणकेची लांब वळी करून तिचे चिमटीएवढे तुकडे पाडत होता. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, आखूड केसांची, चेहऱ्यावर हसू नाही. सलीम तिला चाची म्हणायचा आणि ती ओ द्यायची. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला आमची बैठक आठवली. तीच नजर, हा कोण आणि कशाला आला आहे. सलीमनं हात धुतले, एप्रन बांधला आणि म्हाताऱ्याशेजारी उभा राहून पाऱ्या लाटू लागला. बोटाएवढं लाटणं, डाव्या हातानं पारी फिरवायची, उजव्यानं कडेकडेनं दाबायची, म्हणजे मध्यभागी जाड आणि कडेला कागदासारखी होते. तो फक्त पाऱ्या लाटायचा. सारण भरायचं काम पलीकडच्या ओट्यावर, आणि तिकडे तो हात नेत नसे. काही महिन्यांपूर्वी तो वाफ पाहून आत आला होता, यादी वाचून उठला होता, आणि चाचीनं त्याला दारात अडवून का जातोस म्हणून विचारलं होतं. शब्द जमेनात तेव्हा त्यानं तिच्या वहीत डुकराचं चित्र काढून त्यावर काट मारली. ती आत गेली, एक कोरी टोपली घेऊन आली, तिच्या कडेला लाल दोरा बांधला, आणि वेगळ्या भांड्यावर त्याच्यासाठी अंडं आणि पातीचं सारण घालून सहा डंपलिंग वाफवली. त्या टोपलीत दुसरं काही कधी ठेवलं नाही. म्हणून तो रविवारी पाऱ्या लाटायला जायचा. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, "तुले सांगितलं असतं तर तू दोऱ्याचीबी तपासणी केली असती."

काम आटोपून तो माझ्यासमोर बसला. लाल दोऱ्याची टोपली आली. मी शाकाहारी आहे हे त्यानं चाचीला सांगितलं होतं, पण चाची पलीकडे गेली, तिची सून आली, आणि तिनं भाजी, भाजी असं दोनदा म्हणून माझ्यापुढे दुसरी बशी ठेवली. वाफवलेले चार पांढरेशुभ्र गोळे. एक फुटला होता त्यातून बारीक चिरलेला हिरवा पाला आणि अळंबी दिसत होती. सलीमनं एक डंपलिंग तोंडात घातलं होतं. बशीकडे लक्ष जाताच त्यानं हातानं खूण केली, नको, आणि आपली टोपली माझ्याकडे सरकवली. यातलं खा, म्हणाला. अंडंच आहे, अंड्याले तू नाही म्हणत नाही.

मी टोपली परत सरकवली. त्याचं कारण मी त्याला उष्टं असं सांगितलं. त्यानं त्यातलं खाल्लं होतं, त्याच काड्या त्यात घातल्या होत्या, आणि आमच्याकडे आई मुलाच्या ताटातलं खात नसे. हे कारण खरं होतं. त्याच्याखाली आणखी एक कारण होतं, ते अमरावतीहून माझ्याबरोबर आलं होतं आणि त्याला मी तोवर नाव दिलं नव्हतं. आणि तिसरं, वकिली कारण: त्याच्या टोपलीतलं खाऊन काय सिद्ध होणार, तपासायचं तर दुकानाचा नेहमीचा भटारखाना तपासला पाहिजे. तो पुन्हा काही बोलणार तोच मी बशीतला गोळा उचलून तोंडात घातला. इतकी चवदार पालेभाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. पाला चकाकत होता, जिभेवर तुपासारखं काहीतरी पसरत होतं. सलीम आपल्या टोपलीकडे वळला. मी चारही खाल्ले. मग आईला कळवावं म्हणून सुनेला विचारलं की पाल्याला ही चकाकी कशानं येते. तिला आनंद झाला. ती आतून एक पांढरा डबा घेऊन आली आणि झाकण उघडून माझ्यासमोर धरला. पांढरं, मऊ, साजूक तुपासारखं थिजलेलं. मी बाबांसारखाच वाकून वास घेतला.

"डुकराची चरबी हाय ते," सलीम हळूच म्हणाला. "म्हणून नको म्हणत होतो."

सून अजून हसत डबा धरून उभी होती. मी मान हलवून छान आहे असं म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. ती गेल्यावर मी खाली पाहत सांगून टाकलं की त्याच्याबद्दल घरच्या पत्रात मीच लिहिलं होतं. सलीमनं टोपलीतलं उरलेलं डंपलिंग संपवलं, काड्या आडव्या ठेवल्या, आणि खिशातून भावाचं पत्र काढून टेबलावर उलगडलं. सगळं पत्र उर्दूत होतं. मधोमध एक ओळ देवनागरीत, सरकीच्या व्यापाऱ्यानं तोंडपाठ म्हणून दाखवली तशी. 'अकोल्याच्या एका गादीवाल्याचे चिरंजीव.' 'समाचार' हा शब्दसुद्धा शाबूत होता.

"अशी भाषा लिहिणारा इथं दुसरा कोण हाय बे," तो म्हणाला. "मले पहिल्या दिवशीच समजलं. म्हणून तर तुलेच लिहून दे म्हटलं."

त्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. तो रागच होता. फक्त त्याला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: माझा अंदाज खोटा निघाला, त्याची टोपली वेगळी आहे, भांडं वेगळं आहे, तो सारणाला हात लावत नाही, तिथल्या भाजीतही चरबी असते म्हणून तो तीही खात नाही, आणि ती मी स्वतः खाल्ली. सलीमनं ते वाचायला घेतलं आणि शेवटच्या वाक्यावर रेघ मारली. मी म्हटलं, ते खरं आहे. तो म्हणाला, "खरं हाय त कायले वाचून दाखवतं बाकीच्यायले? तुही माय दारात उभी राहते ना?" माझ्याबद्दल बैठक हसेल याची मला भीती होती, आणि त्याला माझ्या आईची काळजी होती. मी पत्र पुन्हा लिहून काढलं, ते वाक्य वगळून, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

वीस दिवसांनी बाबांचं उत्तर आलं. चि. माधव यास अनेक आशीर्वाद. त्याखाली एकच ओळ: 'भाजीत चरबी असते हे तुला कसे कळले?'

मी ती ओळ सलीमला दाखवली. तो एवढंच म्हणाला की तुह्या बापाले जज करायला पाहिजे होतं. दिवाळी आता पाच आठवड्यांवर आली होती आणि त्यानं ट्रंक खाली काढली होती. मी पोस्टात उभ्यानंच उत्तर लिहिलं, त्यात विनोद नव्हता आणि वाक्यं लांब नव्हती. मी खाल्ली, म्हणून कळलं. सलीम नको म्हणत होता.

पुढचं मला सलीमच्या भावाच्या पत्रातून कळलं. सलीम ते खोलीत मोठ्यानं वाचून, मला मराठीत सांगत गेला. अमरावतीचे एक वकील काळा कोट घालून अकोल्याच्या कारखान्यात आले. बसा म्हटलं तर आधी बाकाकडे नीट पाहिलं, मग बसले. पाणी दिलं ते त्यांनी प्यायलं नाही, चहाही नको म्हणाले. अब्बा घरातून यायला तयार नव्हते. वकील म्हणाले मी थांबतो, आणि कापूस उडत असलेल्या त्या खोलीत ते दीड तास थांबले. मग अब्बा आले. वकिलांनी खिशातून निळं पत्र काढलं, समोर ठेवलं, आणि म्हणाले की तुमच्या मुलानं खाल्लं नाही, माझ्या मुलानं खाल्लं. अब्बांनी विचारलं, तुमच्या पोराचं आम्ही काहून खरं मानावं, आधी त्यानंच खोटं लिहिलं होतं. तेव्हा वकील म्हणाले, "दुसऱ्याविरुद्ध कोणीही खोटं सांगतं, साहेब. स्वतःविरुद्ध सांगितलेलं मी चाळीस वर्षांत खोटं निघालेलं पाहिलं नाही." मराठी वाचता येत असूनही अब्बांनी ते पत्र हातात घेतलं नाही. मग भावाला म्हणाले, सलीमला लिही, इम्तिहान देऊन ये.

आईनं नंतर कधीतरी सांगितलं की ते माझं कबुलीचं पत्र बैठकीत वाचलं गेलं नाही, आणि त्यानंतरचं एकही नाही. मुन्शी विचारत, पक्षकारही विचारत. बाबा म्हणत, खासगी आहे. घरी परतल्यावर त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मीही काढला नाही. पण ते सलीमसाठी गेले, की माझ्या चुकीची भरपाई करायला गेले, की इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या हाती असा पुरावा लागला होता जो कोणाला खोडता येणार नव्हता आणि तो मांडल्याशिवाय त्यांना राहवलं नाही, याबद्दल माझा निर्णय अजून झालेला नाही. सलीमला विचारलं होतं. तो म्हणाला, तुह्या बापाले विचारून पाहाय. मी विचारलं नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि मी ते उलटं करून पाहिलं असतं.